शेतावर किती खोल्या बांधाव्यात? विहिरीला विचारा

नागपूरहून उमरेड, काटोल किंवा रामटेकच्या रस्त्याला लागलं की 'अॅग्रो टुरिझम', 'इको स्टे', 'फार्म रिसॉर्ट' अशा पाट्या दिसू लागतात. तीन-चार एकर वावर असलेल्याच्या डोक्यात मग एकच हिशोब सुरू होतो: संत्र्याला भाव नाही, कापसाला मजूर नाही, चार कॉटेज टाकल्या तर काय हरकत? नकाशा येतो, त्यात लॉन असतं, कारंजं असतं. खोल्या चार की आठ, हा प्रश्न बहुतेक वेळा कर्ज किती मंजूर होतं यावर सुटतो. तो सुटायला हवा मे महिन्यातल्या विहिरीवर.

जमिनीने स्वतःचं नुकसान करून न घेता किती माणसं, जनावरं आणि झाडं पोसता येतात, त्या मर्यादेला वहनक्षमता म्हणतात. शब्द जड आहे, तपासणी सोपी आहे. घरखर्च जमतो की नाही हे पगाराच्या दिवशी कळत नाही. पंचवीस-सव्वीस तारखेला पिठाच्या डब्यात हात घातला की कळतं. नागपूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेली विहीर पाहून खोल्या ठरवणं म्हणजे पगाराच्या दिवशी हिशोब करणं.

## विहीर मोजायची कशी

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी पंप लावून फूटव्हॉल्व्हच्या (उपसा पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) थोडं वरपर्यंत पाणी उपसा. दोरीला वजन बांधून पातळी मोजा आणि पंप बंद ठेवा. बारा तासांनी, सकाळी, पुन्हा मोजा. पाच मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी १० सेंटिमीटर चढलं म्हणजे साधारण २००० लिटर आलं. रात्रीत ८० सेंटिमीटर चढलं तर १६,००० लिटर. सलग तीन रात्री मोजा आणि तिन्हींतला सर्वांत कमी आकडा धरा. शेजाऱ्याचा पंप चालू असतानाही एकदा मोजा, कारण झरे त्याचेही तेच असतात.

दिवसा येणारं पाणी मुद्दाम हिशोबात धरू नका. पाऊस पंधरा दिवस लांबला तर तीच शिल्लक उपयोगी पडते. बोअरवेल असेल तर दोन तास सलग उपसा करून मग २०० लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो ते बघा. सुरू केल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांची धार फसवी असते, कारण ते बोअरमध्ये साठलेलं पाणी असतं.

काटोल-कळमेश्वरकडे खाली बेसॉल्टचा काळा दगड आहे, तर उमरेड-रामटेककडे त्याहून जुने खडक आहेत. दोन्हीकडे पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे ऑगस्टमध्ये जिरवलेलं पाणी हिवाळ्यापर्यंत बरंचसं नाल्याकडे निघून जातं. 'पुनर्भरण केलं, आता चिंता नाही' असं म्हणून चालत नाही. पुनर्भरण करावंच, पण मे महिन्याची मोजणी त्याने टळत नाही.

## पाणी पितं कोण?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पाहुणे पाणी संपवतील अशी भीती असते. चार खोल्या, आठ माणसं, प्रत्येकी दीडशे लिटर धरलं तर १२०० लिटर झालं. चादरी-टॉवेल धुणं धरून दीड हजार म्हणा. चार कूलरना उन्हाळ्यात मिळून चारशे लिटर, तीन गायींना दोनशे. एकूण दोन-सव्वादोन हजार, म्हणजे विहिरीतलं अकरा-बारा सेंटिमीटर पाणी.

आता बगीचा बघा. सहा बाय सहा मीटरवर एकरात साधारण ११० संत्र्याची झाडं बसतात. मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकवर दिवसाला १५० लिटर धरलं, तरी १६,५०० लिटर लागतं. चारही खोल्या भरलेल्या असल्या तरी त्यांचं पाणी पंधराएक झाडांइतकंच भरतं.

मग खोल्या वाढवायला काय हरकत? हरकत ही की खोल्या एकट्या येत नाहीत, लॉन घेऊन येतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे सूत्र लक्षात ठेवा. मे महिन्यात नागपूरला उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढे जातं. गवताला ७-८ मिलिमीटर धरा. पाच हजार चौरस फुटांचं लॉन, म्हणजे ४६५ चौरस मीटर, रोज साडेतीन हजार लिटर पिऊन टाकतं. आठ पाहुण्यांच्या दुपटीहून जास्त, आणि तेही पाहुणा आलेला असो वा नसो. पाहुणा रविवारी संध्याकाळी निघून जातो, लॉनला मात्र सोमवारीही तहान लागते.

दुसरी हरकत म्हणजे पाहुण्याचं पाणी पुढे ढकलता येत नाही. टंचाईत मालक झाडांचं पाणी तोडतो, खोलीचं नाही. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, फळं तेव्हा झाडावर लहान असतात. ताण पडला की ती गळतात.

त्यामुळे बगीच्याचा बहारही या हिशोबात यायला हवा. आंबिया बहारात डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, नंतर पाणी सुरू करतात, म्हणजे पूर्ण उन्हाळा विहिरीवर भार. मृग बहारात ताण उन्हाळ्यातच दिला जातो आणि फूल पावसाबरोबर येतं. मे महिन्याचं पाणी वाचतं, शिवाय हिवाळ्यातल्या गर्दीच्या महिन्यांत फळं झाडावर असतात. धोका असा की जूनचा पाऊस लहरी निघाला तर मृग फुटतच नाही. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर तुटत नाही, त्यामुळे ताण हलक्या जमिनीपेक्षा बराच जास्त दिवस द्यावा लागतो आणि कधीकधी बसतच नाही. वर्षाचं सगळं उत्पन्न बगीच्यावर असलेल्याला हा जुगार महाग पडतो. ज्याच्याकडे खोल्यांचा आधार आहे, त्याला तो परवडू शकतो. शेती आणि खोल्या एकमेकींना सांभाळून घेतात त्या अशा ठिकाणी.

## लॉन नाही, स्विमिंग पूल नाही, मग येणार कोण?

आक्षेप खरा आहे. मुलांना पाण्यात खेळायचंच असतं. त्यावर आपल्याकडे आधीपासून उपाय आहे: पंपाखालचा हौद. चार बाय तीन मीटर, पाणी सव्वा मीटर खोल, म्हणजे पंधरा हजार लिटर. पहाटे विहिरीतून हौद भरायचा, दुपारपर्यंत मुलं खेळतात, संध्याकाळी तेच पाणी बगीच्याला जातं. एक एकर संत्र्याचं दिवसाचं पाणी जवळपास एवढंच असतं, त्यामुळे थोड्याफार बाष्पीभवनाखेरीज वेगळं पाणी लागत नाही. 

पथ्यं तीन. हौदात साबण-शाम्पू नाही, अंगाला तेल लावून उतरणं नाही. हौद आणि ठिबक यांच्यामध्ये वाळूची गाळणी हवीच, नाहीतर आठवडाभरात ड्रिपर बुजतात. आणि तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळा उथळ कप्पा आणि कठडा हवा. सव्वा मीटर पाणी लहान मुलाच्या डोक्यावरून जातं.

लॉनच्या जागी आंबा-चिंचेच्या सावलीत सारवलेलं अंगण आणि चार बाजा टाका. पाऊस संपल्यावर दोन महिने हिरवळ आपोआप असते. उरलेल्या महिन्यांत अंगण पिवळं दिसेल. दिसू द्या.

## काळ्या मातीत शोषखड्डा का तुंबतो

पाणी आत आणण्याचा विचार सगळे करतात, बाहेर काढण्याचा फारच थोडे. शेतावरच्या खोल्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते.

संडासाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. तिथे गाळ खाली बसतो आणि वरचं अर्धवट शुद्ध झालेलं पाणी पुढे शोषखड्ड्यात, मातीत मुरण्यासाठी, सोडतात. मुरमाड जमिनीत हे ठीक चालतं. आपली काळी कन्हारी माती मात्र ओली झाली की फुगते आणि तिची छिद्रं बंद होतात. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, तेव्हा ओतलेलं पाणी क्षणात गायब होतं आणि गवंडी म्हणतो, बघा, खड्डा एक नंबर आहे. जुलैत तोच खड्डा काठोकाठ भरतो, कमोडमधून पाणी परत वर येऊ लागतं, आणि भर पावसात टँकर वावरात रुतून बसतो.

म्हणून बांधण्याआधी जमिनीची परीक्षा घ्या. शोषखड्डा जिथे येणार त्या खोलीवर एक फूट बाय एक फुटाचा खड्डा खणा, दिवसरात्र तो पाण्याने भरलेला ठेवा, म्हणजे माती फुगायची तेवढी फुगेल. मग पुन्हा भरून पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासाच्या वर लागला तर शोषखड्डा विसरा. शक्य असेल तर ही परीक्षा ऑगस्टमध्येच घ्या.

पर्याय आहे तो झाडांच्या वाफ्याचा. सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी गिट्टी भरलेल्या आणि कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडं लावलेल्या हौदातून सावकाश वाहू द्यायचं. मुळांवर आणि गिट्टीवर वाढणारे जिवाणू घाण खातात. नागपूरच्याच नीरी या संस्थेने या तत्त्वावर 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे, त्यामुळे सल्ल्यासाठी दूर जावं लागत नाही.

आकार असा धरा. दर माणशी दीड चौरस मीटर. आठ पाहुणे, तीन-चार काम करणारे, म्हणजे १८ चौरस मीटर: नऊ बाय दोनचा लांबट वाफा. खोली ६० सेंटिमीटर, तळाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. आत जाड प्लास्टिकचं अस्तर किंवा पक्कं प्लास्टर. दोन्ही टोकांना अर्ध्या मीटरपर्यंत मुठीएवढे दगड, मधे १० ते २० मिलिमीटरची धुतलेली गिट्टी. न धुतलेली गिट्टी टाकली तर तिच्या भुकटीनेच वाफा बुजतो. बाहेर पडणाऱ्या पाइपाचं तोंड असं ठेवा की पाण्याची पातळी गिट्टीच्या पाच-दहा सेंटिमीटर खालीच राहील. पाणी उघडं नसेल तर डास होत नाहीत आणि वासही येत नाही. गिट्टीतल्या पोकळ्यांचा हिशोब केला तर पाणी आत दोन-अडीच दिवस थांबतं, आणि तेवढं थांबायलाच हवं.

हे बिघडतं ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरामुळे. पाहुण्यांना सावजी रस्सा हवा असतो, आणि ताटात उरलेली तर्री भांड्यांबरोबर मोरीत जाते. हे तेल गिट्टीच्या पहिल्या मीटरभरातच थिजतं. मोरीचं पाणी टँकमध्ये जाण्याआधी त्याला दोन कप्प्यांचा लहान हौद हवा, ज्यात तेल वर तरंगून अडकेल. दर आठवड्याला ते काढून टाकायचं. भांडी घासण्याआधी राखेने किंवा जुन्या कागदाने पुसली तर निम्मं काम तिथेच होतं. दुसरं कारण फिनेल आणि ॲसिड. संडास चकचकीत ठेवण्याच्या नादात रोज ॲसिड ओतलं की टँकमधले जिवाणू मरतात. आठवड्यातून एकदा थोडं वापरा, रोजच्यासाठी साधा साबण पुरे. टँकमधला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो, म्हणून टँकपर्यंत गाडी पावसाळ्यातही पोचेल असा मुरमाचा रस्ता आधीच करून ठेवा. आणि हे सगळं पिण्याच्या विहिरीपासून किमान वीस मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूला.

वाफ्यातून निघालेलं पाणी केळी, बांबू, गजराज गवत यांना द्या. पालक, कोथिंबीर, मुळा यांना नको. संत्र्याला तर मुळीच नको. खोडाजवळ सतत ओल राहिली की फायटोप्थोरा बुरशी मुळं कुजवते आणि डिंक्या सुरू होतो. साध्या पाण्याच्या बाबतीतही खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतात, मग सांडपाण्याची तर बातच नको.

## पंचेचाळीस अंशांत एसीशिवाय माणूस राहील?

राहतो, पण खोली तशी बांधलेली हवी. लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला, पश्चिमेला खिडकी नाही, तिकडे न्हाणीघर किंवा कपाटांची भिंत. चारही बाजूंनी नाही तरी दक्षिण-पश्चिमेला ओसरी. छपरासाठी नुसता टिन टाकला तर खोलीची भट्टी होते. नुसते कवेलू (कौलं) टाकले तर माकडं ते फोडतात, आणि गावोगावी कवेलू जाऊन टिन आले त्यामागे हेही एक कारण आहे. दोन्ही वापरा: खाली टिन, त्यावर लाकडी पट्ट्या, वर कवेलू. मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते आणि कवेलू फुटला तरी गळत नाही.

आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून कूलर इथे खरोखर थंड करतो. साधा कूलर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. जून संपत आला की हवा दमट होते आणि कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा पंखा आणि आमनेसामने खिडक्या. कूलरला वाळ्याच्या ताट्या लाकडाच्या भुश्श्यापेक्षा महाग पडतात, पण वास पाहुण्याच्या लक्षात राहतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करा. डेंगीचा डास त्यातच वाढतो.

विहिरीचं पाणी जड असेल तर कूलरच्या ताट्यांवर आणि सोलर वॉटर हीटरच्या नळ्यांत पांढरा क्षार बसतो. छताचं पावसाचं पाणी इथे सोन्यासारखं. शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला ऐंशी हजार लिटरहून जास्त पाणी हाती येऊ शकतं. सगळं साठवणं परवडत नाही. वीस हजारांची झाकलेली टाकी कूलर आणि हीटरसाठी ठेवा, बाकी गाळून विहिरीत सोडा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी मात्र बाहेर घालवा, त्यात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते.

## गायी, गॅस आणि थोडी निराशा

'बायोगॅसवर स्वयंपाक' हे पाटीवर छान दिसतं. आकडे बघा. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. गोठ्यात बांधलेल्या तीन गवळाऊ गायी जेमतेम एवढं देतात. चरायला सोडल्या तर निम्मं शेण रानातच राहतं. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी, महिन्याला तेरा किलो, म्हणजे घरगुती एका सिलिंडरलाही थोडं कमीच. चहा, दूध, घरच्यांचा स्वयंपाक निघतो. पाहुण्यांच्या पंगतीला व्यावसायिक सिलिंडर लागणारच. डिसेंबर-जानेवारीत थंडीने गॅस आणखी कमी होतो. तेव्हा शेण दुपारच्या उन्हात, कोमट पाण्यात कालवून घाला. खरा फायदा गॅसचा नाही, तर रोज निघणाऱ्या पन्नास लिटर स्लरीचा आहे. तेवढं खत विकत घ्यावं लागत नाही.

## चार खोल्यांवर पोट भरतं का

वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री १०४. पेंचच्या जंगलाचे मुख्य दरवाजे जुलै ते सप्टेंबर बंद असतात, मे महिन्यात ऊन असतं. त्यामुळे त्यांतल्या निम्म्या रात्री भरल्या असं धरून चालू. चार खोल्या गुणिले ५२ म्हणजे २०८, तीन हजार रुपयांनी सव्वासहा लाख. एक खोली सहा लाखांत बांधली तर चोवीस लाख गुंतले, दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच दोन लाख चाळीस हजार. उरलेल्यात पगार, जेवणखाण, दुरुस्ती. तंगीत का होईना, निघतं.

आठ खोल्या केल्या तर व्याज लगेच दुप्पट होतं, पाहुणे मात्र दुप्पट होत नाहीत. जास्तीच्या चार खोल्या भरतात दिवाळीत, नाताळात आणि ३१ डिसेंबरला. त्या भरण्यासाठी मग डीजे लागतो, पूल लागतो, दर पाडावे लागतात, आणि ज्या शांततेसाठी पहिले पाहुणे येत होते ती संपते.

मजुरांचा प्रश्न याच काळात अडतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी आणि आंबिया संत्र्याची तोडणी एकत्र येतात. जी बाई तुमच्याकडे भाकरी थापते, तिला त्याच आठवड्यात स्वतःच्या वावरात जायचं असतं. एका माणसावर विसंबू नका. गावातल्या बचत गटाशी महिन्याच्या ठरलेल्या दिवसांचा करार करा आणि पैसे पाहुणा आला नाही तरी द्या.

## कागद आणि कुंपण

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, आणि त्यासाठी किमान एक एकर शेती लागते. जागा पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा बोरच्या जंगलाजवळ असेल तर आधी पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढून बघा. अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा त्या क्षेत्राच्या सीमेपर्यंत, यांपैकी जे जवळ असेल तिथवर नव्या व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्टला साधारणपणे परवानगी नसते. सवलत असते ती पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या बांधकामाला.

शेतीपंपाच्या जोडणीवरून खोल्यांना वीज देऊ नका. तो अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. छतावर तीन किलोवॅटचे सोलर पॅनेल असतील तर दिवसाला बाराएक युनिट मिळतात. चार खोल्यांचे दिवे, पंखे, कूलर त्यात भागतात, पंप नाही.

रोही (नीलगायी) आणि रानडुकरांसाठी कुंपण लागेलच. काही जण धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारेत थेट वीज सोडतात. तो गुन्हा आहे, त्यात वाघ मेले आहेत आणि माणसंही. सोलर झटका मशीन क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. मात्र तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी कापावं लागतं. पाहुण्यांची मुलं फिरतात त्या बाजूला पिवळी पाटी लावा आणि तारेच्या आत मीटरभर अंतरावर साधं बांबूचं कुंपण घाला.